हाकेला हाक, उत्तर नाही

मी दोन नंबरचं कार्ड बोलतोय. नेटवर्क कार्ड. संगणकाच्या पाठीत बसवलेली एक पट्टी, तिला एक चौकोनी भोक, भोकात वायर आणि शेजारी एक हिरवा दिवा, एवढाच माझा देह. हौस म्हणून बोलत नाहीये. किळस आलीय, आणि ती पोटात ठेवून ठेवून आता जागा उरली नाही, म्हणून बोलतोय.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. टोप्या आणि हातमोजे घातलेल्या बायकांनी मला तपासलं, पिशवीत घातलं, खोक्यात भरलं. खोक्यात माझ्यासारखाच आणखी एक होता. जिथे आलो तिथल्या वायरमनने त्याला वरच्या जागेत बसवलं आणि मला खालच्या. वरचा झाला एक नंबर, मी झालो दोन नंबर. गुणात काडीचाही फरक नाही, पण आयुष्यभर काम त्याने केलं आणि मी नुसता बसून राहिलो.

आम्ही आलो ते अँब्युलन्स बोलावण्याच्या केंद्रात. वरच्या मजल्यावर सहा टेबलं, सहा ऑपरेटर, कानाला हेडफोन. खाली ही आमची थंडगार खोली, आणि तिच्यात चार संगणक. शहरातून कुणी घाबऱ्या आवाजात फोन केला की तो आवाज आमच्यातून वर जातो. वरच्या टेबलांचे माईक चालूच असतात, त्यामुळे त्या बायका काय बोलतात, काय हसतात, कुणाच्या सासूला नावं ठेवतात, सगळं आमच्या कानावर येतं.

आता आम्ही दोघं का, तर एक पडला तर दुसऱ्याने लगेच उचलायचं म्हणून. दोन कार्डं एकत्र बांधून बाहेरच्यांना एकच असल्यासारखी दाखवायची, ह्याला ही मंडळी बाँडिंग म्हणतात. कुणी कामाला लागायचं आणि कुणी बसायचं हे ठरवतो संगणकातला एक प्रोग्रॅम. मी त्याला मुकादम म्हणतो. मुकादमाचं काम साधं होतं. दर सेकंदाला एक नंबरकरवी हाक मारायची, "नाक्यावर कोण आहे का?" नाका म्हणजे इमारतीबाहेर जाणारा रस्ता जिथून सुरू होतो ते यंत्र. नाक्याने "आहे" म्हटलं की रस्ता चालू. नाही म्हटलं, म्हणजे काहीच म्हटलं नाही, तर एक नंबरला बसवायचं आणि मला उठवायचं.

हा मुकादम बहिरा नव्हता. बहिरा असता तर बरं झालं असतं.

त्याची खोड अशी की, हाक मारल्यावर कानावर काहीही पडलं तरी तो वहीत लिहायचा, उत्तर आलं. कोण बोललं, काय बोललं, कुणाला बोललं, चौकशी नाही. एक नंबरची वायर खोलीतल्याच एका पत्र्याच्या चपट्या डब्यात जायची. त्याच डब्यात बाकीच्या तीन संगणकांच्या वायरी यायच्या, आणि डब्यातून पुढे एकच वायर नाक्याकडे जायची. तिघांचे मुकादमही तेच, आमच्यासारखेच. चौघंही दर सेकंदाला तीच हाक मारायचे. ती पुढची वायर तुटली तर काय होईल, सांगा बरं. नाका गप्प होईल, पण शेजाऱ्यांच्या हाका ऐकू येतच राहतील. आमचा मुकादम शेजाऱ्याची हाक उत्तर म्हणून लिहील, शेजारी आमची हाक उत्तर म्हणून लिहील, आणि चौघंही छाती फुगवून सांगतील की रस्ता चालू आहे. माझी वायर वेगळ्या डब्यातून, वेगळ्या वाटेने नाक्याकडे जाते. मला सगळं जग स्वच्छ ऐकू येत होतं, पण मला विचारतो कोण?

मुकादम यंत्रच होता, त्याला काय बोलायचं. माणसांचं सांगतो. दाराला खिळ्यावर एक तक्ता टांगलेला. दर तासाला कुणीतरी आत यायचं, दिवे हिरवे आहेत का बघायचं आणि खूण करायची. सकाळी येणारा माणूस दिवसभराच्या खुणा एकदमच करून मोकळा व्हायचा. दिवा म्हणजे काय, तर वायर डब्यापर्यंत धड आहे एवढंच तो सांगतो. डब्याच्या पलीकडे जग बुडालं तरी दिवा हिरवाच. त्या हिरव्या रंगाची मला शिसारी आहे, आणि तो माझ्याच अंगावर आहे.

दर सहा महिन्यांनी तालीम व्हायची. केंद्राचे साहेब हाताची घडी घालून उभे राहायचे आणि वायरमनकाकांना म्हणायचे, "काढा." काका एक नंबरची वायर त्याच्या भोकातून काढायचे. दिवा विझायचा, मुकादम मला उठवायचा, मी धावायचो, आणि साहेब टाळ्या वाजवायचे. "बघा, एका सेकंदात." वायर परत खुपसली की मी परत बसायचो. सात वर्षं दर वेळी तीच वायर, तेच भोक, त्याच टाळ्या. जे मोडल्यावर सावरतं हे माहीत आहे तेवढंच मोडून बघायचं, ह्याला ते परीक्षा म्हणत होते.

वायरमनकाकांबद्दल मात्र मी वाईट बोलणार नाही. उंच, वाकलेला माणूस, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. वायरीला हात लावण्याआधी शर्टाला हात पुसायचे. यंत्राच्या मागे शिरताना "जरा सरकतो हं" म्हणायचे, खोलीत कुणी नसलं तरी.

तर त्या दिवसाचं. बाहेर नाक्याकडे जाणाऱ्या बोळात साहेबांनी फायलींसाठी एक लोखंडी कपाट आणवलं होतं. त्याचा एक पाय बरोबर त्या पुढच्या वायरीवर आला. काका म्हणाले होते, "साहेब, ह्या पायाखालून वायर गेलीय." साहेब म्हणाले, "बघू नंतर." मग एका दुपारी कुणीतरी कपाटाचा जड खण बाहेर ओढला, कपाट पुढे कलंडलं आणि पायाने वायर दाबली. नाका गप्प झाला.

अकरा मिनिटं. एक नंबरचा दिवा हिरवा, वहीत सेकंदासेकंदाला लिहिलेलं, उत्तर आलं, उत्तर आलं. वर सहाही टेबलं शांत. आणि त्या शांततेचं ऑपरेटर बायकांनी काय केलं माहीत आहे? चहा घेतला. एकजण म्हणाली, "आज कसं अगदी निवांत आहे गं." मी ते ऐकत होतो. माझ्या बाजूचा रस्ता मोकळा होता, आणि मला जागचं हलता येत नव्हतं. त्या अकरा मिनिटांइतका संताप मला जन्मात आला नव्हता.

मग खण परत आत गेला आणि फोन वाजू लागले. त्यानंतर पाऊण तासाने एक बाई केंद्राच्या फाटकावर आली. शिवणकाम करणारी, गळ्यात टेप तशीच लटकलेली. नवऱ्याला झटका आला, ती सारखी फोन लावत होती, लागेना, शेवटी शेजाऱ्याच्या टेम्पोत घालून त्याला दवाखान्यात नेलं. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली. "फोन का उचलत नव्हता तुम्ही?" एवढंच ती विचारत होती, पुन्हा पुन्हा. तिने रीतसर तक्रार केली.

साहेबांनी आमच्या मुकादमाची वही संगणकातून छापून काढली. वहीत रस्ता एक क्षणही बंद नव्हता. काका म्हणाले, "साहेब, ते कपाट बघा." साहेबांनी वही त्यांच्यापुढे धरली. "लाइन चालू होती, हे यंत्र सांगतंय. यंत्र खोटं बोलतं का? म्हणजे इथून वरच्या टेबलांकडे जाणारी वायर कुणीतरी हलवली. त्या वेळी यंत्राच्या मागे कोण होतं?"

मागे काका होते. धूळ झटकत होते.

काका म्हणाले, "माझा हात लागला नाही." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "लागला नसावा." तिसऱ्या दिवशी साहेब त्यांना इथेच घेऊन आले. "काका, नकळत झालं, एवढं लिहून द्या. प्रकरण मिटेल. तुमच्या नोकरीला धक्का लागू देत नाही, शब्द देतो." काका कितीतरी वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "वही म्हणतेय तर तसंच असेल. वय झालं, हात कुठे लागला ते आता कळत नाही." आणि सही केली. खोलीत टेबल नव्हतं, म्हणून कागद आमच्या संगणकाच्या पत्र्यावर ठेवला. पेनचा दाब मला इथपर्यंत जाणवला. सात वर्षांत माझ्या पाठीवर ह्याहून घाण काही झालेलं नाही.

साहेबांनी काकांना सामानाच्या गोदामात बसवलं. यंत्राच्या खोलीत पाय ठेवायचा नाही, अशी ताकीद दिली. वर बायका एकमेकींना सांगत होत्या की काका दर रविवारी त्या शिवणवाल्या बाईकडे जातात, तिच्या नवऱ्याला धरून चालवतात, औषधं आणून देतात. "केलं तसं भरतोय बिचारा," एक म्हणाली. हीच ती चहावाली.

तीन महिन्यांनी पुन्हा फोन थांबले. भरदुपारी, तीन मिनिटं. खोलीला कुलूप होतं, आत चिटपाखरूही नव्हतं. साहेब काय म्हणाले असतील? "काकांनी तेव्हा वायर सैल करून ठेवली असणार."

पण ह्या वेळी मुख्य कार्यालयातून एक प्रोग्रामर मॅडम आल्या. संगणकाचा तो भाग, म्हणजे आमचा मुकादम, त्यांच्या गटाकडे सांभाळायला होता. आल्या आल्या साहेबांनी वही पुढे केली. मॅडम म्हणाल्या, "वही नंतर. तारेवर खरंच काय येतं-जातं ते आधी टिपू या." स्टुलावर बसल्या, शाल गुंडाळून घेतली आणि आम्हा दोघांवर एक टिपून घेणारा प्रोग्रॅम लावून दिला. सात वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडेही बघितलं.

दोन दिवसांनी कपाट पुन्हा चाळीस सेकंद कलंडलं. मॅडमनी टिपण उघडलं. एक नंबरकडची ओळ न् ओळ वाचली, मग परत वाचली, आणि खांद्यावरची शाल खाली पडली तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"अहो," त्या साहेबांना म्हणाल्या, "हे सगळे विचारतायत. उत्तर कुणीच देत नाहीये."

साहेब म्हणाले, "पण दिवा तर हिरवा आहे."

मॅडम त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मी एरवी माणसाच्या प्रेमाबिमात पडत नाही, पण त्या नजरेसाठी त्यांच्यावर जीव जडला.

दुरुस्तीला त्या बसल्या. पहिल्या खेपेला त्यांनी मुकादमाला सांगितलं, ज्याला विचारलंस त्याचंच उत्तर धर, आणि तेही आपल्यालाच दिलेलं असेल तर. ऐकायला छान. झालं काय, तर मी हाक मारतच नाही, मग मला उत्तर कोण देणार? मुकादमाने मला चक्क मेलेला ठरवलं. धडधाकट बसलोय, सगळं ऐकतोय, आणि वहीत मयत. मॅडमनी कपाळाला हात लावला, "चुकलंच की माझं," म्हणाल्या. चूक कबूल करणारं माणूस ह्या खोलीत मी पहिल्यांदाच बघत होतो. सही करणारा वेगळा, त्याची चूक नव्हतीच. मग त्यांनी माझ्यासाठी निराळा नियम लिहिला. एक नंबरला खरं उत्तर मिळेनासं झालं की तिथल्या तिथे मला हाक मारायला लावायचं, आणि माझं खरं उत्तर आलं की काम माझ्याकडे.

तालमीच्या दिवशी सगळे फोन दुसऱ्या केंद्राकडे वळवले. साहेब हाताची घडी घालून उभे, आणि काकांऐवजी आणलेला नवा माणूस एक नंबरच्या वायरीला हात घालायला निघाला. मॅडम म्हणाल्या, "ती नको. काकांना बोलवा."

काका आले आणि उंबऱ्यावरच थांबले. ताकीद होती ना. मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्ही कपाटाबद्दल बोलला होतात म्हणे. तो खण ओढाल?"

काका बोळात गेले. त्यांनी शर्टाला हात पुसले असणार. खण ओढला, नाका गप्प झाला. शेजाऱ्यांच्या हाका येत होत्या, मुकादमाने त्या ऐकल्या आणि सोडून दिल्या. एक सेकंद, दोन सेकंद, आणि मी उभा राहिलो. मॅडमनी आपल्या मोबाईलवरून, तालमीसाठी चालू ठेवलेला केंद्राचा एक नंबर लावला. तो माझ्यातून वर गेला, वरच्या टेबलावर वाजला, आणि ऑपरेटर म्हणाली, "बोला, कुठे पाठवू?"

ह्या वेळी टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. काका दारात येऊन उभे होते. त्यांनी विचारलं, "म्हणजे त्या दिवशी माझा हात...?"

"नव्हता काका. तुमचा हात कुठेच लागला नव्हता."

काका तिथेच फरशीवर खाली बसले.

मॅडम साहेबांना म्हणाल्या, "त्यांचं ते पत्र मागे घ्या." साहेब म्हणाले, "कशाला? त्यांनी स्वखुशीने सही केलीय, फाईल बंद झाली. हा प्रोग्रॅमचा दोष, त्याची फाईल वेगळी." काका समोर बसलेले, आणि हा माणूस दोन फायली समजावून सांगत होता. सगळ्या वायरीतून मला उलटी आली असती तर मी त्याच्या बुटांवर केली असती.

प्रोग्रॅममध्ये बदल केला की ही मंडळी सोबत टिपण लिहितात, काय बिघडलं होतं आणि का बदललं. मॅडमनी त्यात सगळं लिहिलं. कपाट लिहिलं, अकरा मिनिटं लिहिली, आणि शेवटी लिहिलं की त्या वेळी खोलीत असलेल्या वायरमनचा ह्यात काहीही दोष नव्हता. काकांना वाचून दाखवलं.

काका म्हणाले, "हे त्या बाईंना वाचता येईल का?"

"नाही हो. हे आमच्या परिभाषेत आहे."

"मग आपल्या भाषेत लिहून द्या. रविवारी नेतो."

मॅडमनी एका कोऱ्या कागदावर सोप्या शब्दांत लिहिलं, खाली सही करून दिली. काकांनी कागदाची घडी घातली, वरच्या खिशात ठेवली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी त्यांना ताठ चालताना ऐकलं. त्यांची पावलं पूर्वी घासत जायची, त्या दिवशी नाही गेली.

सोमवारी मॅडम तो टिपून घेणारा प्रोग्रॅम काढून न्यायला आल्या, तेव्हा काका आले. मॅडमनी विचारलं, "वाचलं का त्यांनी?"

"वाचलं. दोनदा वाचलं."

"मग? बरं वाटलं असेल."

काका माझ्याकडे पाठ करून उभे होते. म्हणाले, "बाई म्हणाल्या, तुम्ही सही केलीत म्हणून मी तक्रार मागे घेतली. म्हटलं, म्हातारा माणूस, दर रविवारी येतो, मनापासून करतो, चुकला असेल, सोडून द्यावं. मी तक्रार चालू ठेवली असती तर हे तेव्हाच सापडलं असतं ना? मध्ये पुन्हा तीन मिनिटं फोन बंद होते म्हणता. तेव्हा कुणीतरी माझ्यासारखंच फोन लावत बसलं असेल ना?"

मॅडमनी हातातलं काम थांबवलं.

"मग बाई म्हणाल्या, तुमच्या हातून झालंच नव्हतं, तर काका, सही का केलीत?"

मॅडमनी विचारलं, "तुम्ही काय सांगितलंत?"

"काही नाही सांगितलं," काका म्हणाले. "साहेबांचं नाव घेता आलं असतं. वहीचं घेता आलं असतं, वयाचंही घेता आलं असतं. ओठापर्यंत आलं होतं सगळं. पण त्यातलं एकही त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं."

मला ह्या माणसांचा उबग आलाय, हे आता मी वेगळं सांगायला नको. हल्ली मी रोज जागा असतो. बोळातलं कपाट अजून हललेलं नाही, त्यामुळे एक नंबर अधूनमधून बसतो आणि मी उठतो. दाराचा तक्ता तसाच आहे, सकाळी सगळ्या खुणा एकदम होतात. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. कधी कुणावर ठपका ठेवायची वेळ आली, तर ज्याला विचारलंत त्याच्याच तोंडून उत्तर आलंय का, ते तेवढं बघा. आणि उत्तर आलंच नसेल, तर आलं नाही असं लिहा.

काका अजूनही रविवारी जातात. त्या बाई दार उघडतात आणि आधी तेच विचारतात, सही का केलीत?